सासूची खुर्ची, नग एक, रुपये बाराशे

वहीत नोंद आहे ती अशी : ९ फेब्रुवारी २०२१, गोल कॅक्टस १ नग, रु. १२००, रिक्षा रु. १४०. मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका सूत दुकानात हिशेब लिहिते. सत्तावीस वर्षं झाली, त्यामुळे घरचं दूध आणि कोथिंबीरसुद्धा नग-दर-रक्कम अशीच लिहिली जाते. झाड आणलं त्या दिवशी काट्यांच्या टोकांवरून शिवणाचा टेप फिरवून परीघ मोजला आणि पुढच्या रकान्यात लिहिला, ५२ सेंटिमीटर. आता दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले, परीघ ७४. पावणेपाच वर्षांत बावीस सेंटिमीटर. तेवढ्यात शेजाऱ्यांनी घरावर मजला चढवला, भाडेकरू ठेवले, आणि त्यातले दोन बदललेही.

दुकानात येणाऱ्या बायका मोबाइलमधले फोटो दाखवून विचारतात, ताई, तुमच्याकडे आहे तसला हा घेऊ का, तीनशे नव्व्याण्णवला आहे. दर वेळी तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

झाड म्हणजे गोल्डन बॅरल. फुगलेल्या भोपळ्यासारखा हिरवा गोळा, त्याला उभ्या धारा, प्रत्येक धारेवर पिवळ्याधमक काट्यांचे झुबके. सकाळचं ऊन आडवं पडतं तेव्हा काटे असे पेटतात की जिन्यातून डोकं वर काढल्याबरोबर नजर तिकडेच जाते. शोभेच्या बाबतीत तक्रार शून्य. तक्रार आहे ती हे झाड विकताना जे सांगतात त्याबद्दल. ‘ऊन सोसतो, पाणी लागत नाही.’ दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, आणि उरलेल्या अर्ध्यापायी माझा पहिला कॅक्टस गेला.

तो पहिला ऑनलाइन मागवला होता, जून २०२० मध्ये. दुकान बंद, माग बंद, घरात बसून माणूस काहीही मागवतो. फोटोत सोफ्याशेजारी मातीच्या कुंडीत कलिंगडाएवढा गोळा होता. सहा दिवसांनी खोक्यातून निघाला तो लिंबाएवढा. इंचात माप खाली बारीक अक्षरांत दिलेलं होतं, ते मी वाचलं नव्हतं. ही चूक माझ्याच खात्यात. कुंडी चार इंची प्लास्टिकची, वर पांढरेशुभ्र खडे. छान दिसत होते. एक उचलायला गेले तर सगळे एकदम हलले, डिंकासारख्या कशाने तरी एकमेकांना चिकटवलेले. खाली निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि त्या कोकोपीटमध्ये लिंबाच्या खाली एक तीनधारी हिरवा दांडा.

तो दांडा म्हणजे काय हे मला सांगोल्याच्या आमच्या पुतण्याने फोनवर सांगितलं. त्याच्याकडे दीड एकर ड्रॅगनफ्रूट आहे, गुजरात सरकारने २०२१ मध्ये ज्याचं ‘कमलम’ असं बारसं केलं तेच. म्हणाला, “काकू, हा आमच्याच वेलीच्या जातीचा दांडा आहे, त्यावर तुमचा गोळा कलम केलाय.” असं कलम केलं की गोळा भराभर वाढतो आणि लवकर विकता येतो. फसवणूक म्हणता येणार नाही, जगभर करतात. पण तो दांडा मऊ. ड्रॅगनफ्रूटही कॅक्टसच, तरी मे महिन्यात आमच्याकडच्या उन्हाने त्याच्या फांद्यांवर पिवळे चट्टे पडतात आणि शेतकरी वर जाळी बांधतात. म्हणजे मी उघड्या गच्चीसाठी घेतलेलं झाड दुसऱ्याच्या पायांवर उभं होतं, आणि ते पाय आमच्या गच्चीचे नव्हते.

उन्हाळा मात्र त्याच्या वाट्याला आलाच नाही. १४ ऑक्टोबर २०२०चा पाऊस सोलापूरकरांना वर्णन करून सांगायला नको. झाड ऑगस्टपासून उघड्यावरच होतं, कोकोपीट ओलं ते ओलंच, आणि त्यावर ती रात्र. तिसऱ्या दिवशी गोळा बाजूला कलंडलेला दिसला. दांडा बोटाने दाबला तर पिकलेल्या केळ्यासारखा. विकणाऱ्याला फोटो पाठवला. उत्तर आलं की पार्सल मिळाल्यापासून चोवीस तासांत कळवायला हवं होतं. नियम आहे तो आहे. रु. ३९९ मी ‘बुडीत’मध्ये टाकले.

इथे आमच्या हवेबद्दल थोडं बोलायला हवं, कारण विकणारा ‘कोरडी उष्ण हवा’ म्हणतो ती सोलापूरची नव्हे. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस; कोकणातले पाहुणे ऐकून हसतात. पण तो वर्षभर थोडा थोडा पडत नाही. जून-जुलै नुसते ढग आणि वारा, आणि खरा पाऊस सप्टेंबरात, परतीचा, एकेका रात्रीत ओतून मोकळा. आठ महिने ठणठणीत आणि मध्येच पंधरा दिवस कुंडी उपसावी लागते अशी तऱ्हा. काटेरी झाडाला मारतात ते हे पंधरा दिवस. मे महिना नाही मारत.

हे मला ज्या माणसाने समजावलं त्याची नर्सरी अक्कलकोट रोडला आहे. पाटी नाही. रस्त्याला लागून हिरवी जाळी, बाहेर जास्वंद आणि कडीपत्त्याच्या पिशव्या, आणि कॅक्टस सगळ्यात मागे, पाण्याच्या हौदापलीकडे. माणूस साठीचा, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी आमचं सोलापुरी मराठी. मी त्यांना मामा म्हणते. मी गोल कॅक्टस मागितला तर किंमत सांगण्याआधी त्यांनी तीन प्रश्न विचारले. गच्ची का अंगण? ऊन किती वाजेपर्यंत? वर पत्रा हाय का उघडं? मी म्हटलं उघडं. म्हणाले, “मग पावसाळ्यात कुठं ठेवनार ते आधी सांगा, ताई. हे पान्यानं मरतंय, उन्हानं नाय.”

झाड विकत घ्यायला गेलेल्या माणसाला कुणी असं उलटं विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी कुंडी आडवी केली, बुडाला दोन थापा मारल्या आणि अख्खा गोळा मुळांसकट बाहेर काढून दाखवला. पांढरी, ताठ, दोऱ्यासारखी मुळं, स्वतःची, कलम नाही. मातीत निम्म्याहून जास्त मुरूम. मला वाटतं रु. १२०० मी त्या दोन थापांचे दिले. पंधराशे सांगितले होते. तीनशेची घासाघीस मी केली नसती तर घरी तोंड दाखवायची सोय नव्हती.

नर्सरीचे दोषही सांगायलाच हवेत. बिल मिळत नाही. कोणत्याच झाडावर नाव नाही; गोल्डन बॅरलला मामा ‘पिवळा गोळा’ म्हणतात. एकपरी बरंच, कारण त्याचं शास्त्रीय नाव २०१४ मध्ये बदललंय, एकिनोकॅक्टसचं क्रोनलाइनिया झालं, आणि पुढचं ‘ग्रुसोनी’ तेवढं राहिलं. जर्मनीतल्या माग्देबुर्गचा हेर्मान ग्रुसन हा तोफांच्या बुरुजांसाठी लोखंडी चिलखतं ओतणारा कारखानदार, आणि कॅक्टसचा नादिष्ट. त्याची काचघरं त्या शहरात अजून आहेत. काटेरी गोळ्याला शोभणारं नाव आहे एवढंच.

दुसरा दोष : जे काटेरी ते सगळं मामांच्या लेखी ‘कॅक्टस’. त्यांच्याकडे त्याच रांगेत शेराचे आणि तीनधारी निवडुंगाचे भाऊबंदही असतात. ते वेगळं खानदान. फरक बघायचा तर कुठे ओरखडा असेल तिथे बघा. पांढरा चीक आला तर तो बहुधा शेराच्या कुळातला, आणि तो चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. गोल्डन बॅरलला चीक नाही. घरात लहान मूल असेल तर हा फरक नावापेक्षा महत्त्वाचा.

तिसरा दोष मोठा. मामांनी निघताना कानात सांगितलं, महिन्याला चमचाभर युरिया टाका, फुगतंय बगा. मी एकदाच टाकला. फुगला खरा; पण त्या वेळी शेंड्याला आलेले काटे आखूड आणि फिकट, आणि कातडं फुग्यासारखं ताणलेलं. तो पट्टा आजही ओळखू येतो. पिकाचा हिशेब या झाडाला लावू नये. आता वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, मूठभर जुनं शेणखत चाळून देते, बास.

रिक्षात झाड कसं आणलं तेही लिहिते, कारण याबद्दल कुणी सांगत नाही. मी घरून एक विटलेली सोलापुरी चादर नेली होती. तिची चौपदरी घडी करून पट्टी केली, गोळ्याच्या कमरेला वेढली आणि दोन्ही टोकं धरून उचललं. काटा चादरीच्या विणीत रुततो आणि झाड घसरत नाही. बागकामाचे रबरी हातमोजे इथे निरुपयोगी. एक मात्र या जातीचं चांगलं, काटा लागला तर सरळ लागतो आणि सरळ निघतो. फड्या निवडुंगाची ती बारीक कुसळं असतात, जी डोळ्यांना दिसत नाहीत आणि तीन दिवस बोटात सलतात, तसलं काही याला नाही.

फड्या निवडुंगावरून आठवलं. घरात आल्याबरोबर झाडाला पहिला विरोध झाला तो आत्यांचा. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आता त्र्याऐंशीच्या. “काटेरी झाड दारात कशाला आनलीस? बांधावर लावायचं असतंय ते.” त्यांच्या लहानपणी बांधाला फड्याच असायचा. त्यांच्या वडलांच्या तोंडून त्यांनी ऐकलेलं, की पूर्वी तो इतका माजला होता की वाटा बंद झाल्या, मग कसला तरी पांढरा किडा आला आणि दोन-चार वर्षांत सगळा झोपला. गोष्ट खरी आहे. १९२६ मध्ये श्रीलंकेतून तो किडा मुद्दाम आणला होता आणि दक्षिण भारतभर त्याने फड्याचा फडशा पाडला. आत्यांचा निष्कर्ष वेगळाच : “सरकारनं किडा सोडून मारलेलं झाड तू बाराशेला आनलीस.”

तो हा नव्हे, हे समजावण्यात एक आठवडा गेला. शेवटी नवऱ्याने घोळ घातला. त्याने कुठेतरी वाचलं की परदेशात या झाडाला ‘सासूची खुर्ची’ म्हणतात, स्पॅनिश आणि जर्मन दोन्ही भाषांत. आणि हे त्याने जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. मी ताटात बघत राहिले. आत्यांनी भाकरी मोडली, शांतपणे खाल्ली आणि म्हणाल्या, “मग खुर्ची माझी न्हवं? कुठं ठिवायची ते मी ठरीवनार.”

आणि त्यांनी ठरवलेली जागा आम्हा सगळ्यांपेक्षा शहाणपणाची निघाली. मी झाड गच्चीच्या मधोमध ठेवणार होते, दिवसभर ऊन म्हणून. त्यांनी पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला ठेवायला लावलं. कारण काय, तर मधोमध त्यांच्या कुरडया वाळतात. पण टाकीमुळे झालं असं की सकाळपासून एकपर्यंत लख्ख ऊन आणि दुपारच्या सगळ्यात वाईट तीन तासांत सावली. कॅक्टसला एवढं पुरतं, किंबहुना हेच हवं. नर्सरीत ही झाडं हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात, त्यांना एकदम उघडं ऊन दिलं की ती भाजतात. त्यातून आमच्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. गोळ्याच्या शेंड्याला पिवळसर लोकरीची टोपी असते, ती त्यासाठीच म्हणायची. आतला कोंब झाकते. पण खांद्यांना टोपी नसते. पहिल्या उन्हाळ्यात मार्चपासून मेअखेर मी त्यावर एक जुनं सुती पातळ चार काठ्यांवर बांधलं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यापासून काही नाही.

तरीही भाजलाच, आणि तो माझ्या हलगर्जीपणाने. २०२३च्या मार्चमध्ये गच्चीला पांढरा रंग मारून घेतला. कामगारांनी कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि काम झाल्यावर परत ठेवली, उलटी फिरवून. जी बाजू दोन वर्षं उत्तरेला तोंड करून होती ती दक्षिणेच्या उन्हात आली. चार दिवसांत तिथे रुपयाएवढा पांढरट डाग, महिन्याभरात तो तपकिरी, बुचासारखा. तो जात नाही. कॅक्टसला कातडी बदलता येत नाही, झालेली जखम तो आयुष्यभर बाळगतो. तेव्हापासून कुंडीच्या दक्षिण बाजूला नखांच्या लाल पॉलिशचा ठिपका आहे. तुम्ही नर्सरीतून घ्याल तेव्हाच विचारा, कुठली बाजू उन्हाला होती, आणि तिथे खूण करा. मामांना विचारलं तर ते लगेच सांगतात. मोठ्या दुकानात विचारून बघा, तोंडाकडे बघतील.

पाण्याचं. मी आमच्या सणांनी लक्षात ठेवते. दिवाळी ते गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांत, थेंब नाही. संक्रांतीपासून पंधरा दिवसांनी एकदा. मार्चपासून दर आठ-दहा दिवसांनी, संध्याकाळी, बुडातून वाहून जाईल इतकं, आणि मग पुन्हा कडक वाळेपर्यंत हात लावायचा नाही. रोज कपभर देणं हा सगळ्यात वाईट प्रकार. संध्याकाळी का, तर हे झाड रात्री श्वास घेतं. दिवसा छिद्रं उघडली तर असलेलं पाणी उडून जाईल, म्हणून दिवसा मिटून बसतं आणि रात्री गारव्यात उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आंबट रसाच्या रूपात साठवून ठेवतं, तो सकाळच्या उन्हात वापरायला. आमच्या गल्लीतला मागवाला रात्रपाळीचा माल सकाळी बांधतो तसं. मे महिन्यात आमच्या भिंती रात्री दोनलाही तापलेल्या असतात, तेव्हा हा कारभार मंदावतो. मग दुप्पट पाणी ओतून तो दुप्पट वाढत नाही. माझ्या वहीत वाढ दिसते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाच्या तोंडाला, आणि ऑक्टोबरात.

‘पाणी लागत नाही’ हे खोटं कसं ते मात्र २०२४च्या उन्हाळ्यात पाहिलं. पारा त्रेचाळीसच्या वर, आणि आम्ही लग्नासाठी अठरा दिवस गावाला. परत आले तर धारा आत ओढलेल्या, भाता मिटावा तशा. टेप लावला, आदल्या महिन्यापेक्षा तीन सेंटिमीटर कमी! संध्याकाळी भरपूर पाणी दिलं. पाचव्या दिवशी दोन परत आले, दहाव्या दिवशी पूर्ण. धारा त्यासाठीच असतात हे तेव्हा हाताला कळलं. वाईट एकच, त्या अठरा दिवसांत खारीने तहानेपोटी बुडाशी दात मारले होते. आता शेजारी पाण्याचं परळ असतं, खार तिथे पिते.

पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत, झाड जिन्याच्या पत्र्याखाली. उजेड पूर्ण, पाऊस शून्य. महिन्यातून एखादा पेला कडेने, तोही सलग आठवडाभर उघडीप असेल तर. गेल्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, जिल्ह्यात शेतंच्या शेतं गेली, माझ्या बहिणीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. अशा वेळी कॅक्टसचं बोलूही नये खरं तर. पण झाड कोरडं राहिलं.

मातीचं मिश्रण मामांनी युरियाच्या रिकाम्या पिशवीत भरून दिलं, चाळीस रुपये. तीन भाग चाळलेला मुरूम, एक भाग विटांचा चुरा, एक भाग जाड वाळू, आणि शेणखत अर्ध्या भागाएवढं. काळी माती अजिबात नाही. आमची काळी माती ज्वारीला देव आहे, पण ओली झाली की आठवडा पाणी धरते आणि सुकली की भेगा पाडून मुळं तोडते. कुंडी मातीची, दोन विटांवर ठेवलेली, म्हणजे बूड मोकळं राहतं. प्लास्टिकची काळी कुंडी मेमध्ये हात लावून बघा, मग कळेल मुळांचं काय होत असेल. दोनदा कुंडी बदलली. बदलल्यावर आठवडाभर पाणी द्यायचं नाही, तुटलेल्या मुळांची तोंडं आधी सुकू द्यायची. एवढं पाळलं तर बुडाची सड होत नाही. बोअरच्या पाण्याने काटे बुडाशी पांढरे पडलेत, क्षारांनी. त्यावर लिंबू-व्हिनेगर चोळायचा उद्योग करू नका, राहू दे.

कीड एकदाच आली, पिठ्या ढेकूण, शेंड्याच्या लोकरीत लपून. लोकर पिवळसर पांढरी आणि कीडही पांढरी, त्यामुळे मुंग्या चढायला लागल्या तेव्हा लक्षात आलं. मेडिकलमधलं स्पिरिट, कापसाची बारीक वात आणि पापडाचा चिमटा. तीन संध्याकाळी बसून साफ केलं. निंबोळी तेल उन्हातल्या कॅक्टसवर फवारू नका. तेल लावून उन्हात बसलात तर तुमचंही तेच होईल.

फुलाबद्दल सगळे विचारतात. मामांना मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ते हसले, “फूल? तुमचा नातू बगंल.” बरोबर आहे, गोळा चांगला हंड्याएवढा झाल्याशिवाय याला फुलं येत नाहीत आणि त्याला पंधरा-वीस वर्षं सहज लागतात. वर्षभरात फुलणारं झाड हवं असेल तर हे घेऊ नका, शेवंती घ्या.

मोठे गोळे बघायचे असतील तर चंदिगडजवळ पंचकुलाला जा. तिथे १९८७ पासून सात एकरांत कॅक्टसचं राष्ट्रीय उद्यान आहे. माझा मुलगा चंदिगडला परीक्षेसाठी गेला होता तेव्हा मी सोबत म्हणून गेले. त्याचा पेपर चालू असताना मी तिथे तीन तास काढले. त्याला अजून राग आहे की मी ‘पेपर कसा गेला’ हे दुसऱ्या क्रमांकावर विचारलं.

एक गोष्ट राहिली. हे झाड मूळचं मेक्सिकोतलं, केरेतारो राज्यातल्या दऱ्यांच्या उतारांवरचं. तिथे १९९०च्या दशकात सिमापान नावाचं धरण झालं आणि त्याची राहती जागा बरीचशी पाण्याखाली गेली. नर्सऱ्यांत बियांपासून लाखोंनी वाढवतात, पण रानात आता ते दुर्मीळ. हे मी आत्यांना सांगितलं ते सहज, कुरडया उलटताना. आत्यांचं माहेर करमाळ्याकडचं, भीमेकाठी, उजनी धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी देवळं वर येतात, पळसदेवचे फोटो पेपरात छापून येतात, आणि त्या फोटोत दर वर्षी त्या आपलं गाव शोधतात, जे त्यात नसतं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “पुनर्वसन कुठं दिलं?”

मी म्हटलं, “सगळ्या जगभर. एक आपल्या गच्चीत.”

“मग पानी तरी दे त्याला,” म्हणाल्या. तो जानेवारी होता, संक्रांत व्हायची होती, म्हणजे पाणी बंदच. मी नाही म्हणाले आणि खाली आले. संध्याकाळी बघते तर कुंडी ओली. ओरडणार कुणाला! आठ दिवस जीव मुठीत धरला, पण मुरुमाने निचरा केला आणि काही झालं नाही. तेव्हापासून दर जानेवारीत एकदा कुंडी ओली सापडते. वहीत मी तो रकाना रिकामा सोडते.

तर हिशेब : झाडाला पाचपैकी साडेचार, अर्धा गुण वेगासाठी कापला. नर्सरीला चार, बिल दिलं असतं आणि युरियाचं बोलले नसते तर पाच. ऑनलाइनवाल्याला दीड, आणि तो दीड खोकं नीट बांधलं होतं म्हणून. लिंबाएवढा कलमी कॅक्टस टेबलावर, खिडकीत ठेवायला हवा असेल तर खुशाल मागवा, तीन-चारशेला वाईट नाही. उघड्या गच्चीसाठी मात्र स्वतःच्या मुळांवरचा, निदान नारळाएवढा झालेलाच घ्या.

अक्कलकोट रोडला जायचं तर सकाळी दहाच्या आत जा. नंतर मामा हौदाजवळ बाजेवर झोपतात आणि त्यांचा पोरगा सगळ्या झाडांना एकच भाव सांगतो. सुट्टे पैसे न्या, स्कॅनर आहे पण तिथे रेंज येत-जात असते. आणि जुनी चादर विसरू नका.